एफ कॉर्डवरचे घुंगरू

चैत्र-वैशाख हा आमचा सीझन. गावोगावी जत्रा, आणि ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्यांचे फोनवर फोन. कुणाला लावणीचा ठेका हवा, कुणाला कोळीगीताचा, कुणाला हळदीचा, आणि सगळ्यांना तो कालच हवा असतो. मी स्टाइल बनवतो. डाव्या हातानं कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार सूर) धरली की कीबोर्ड आपोआप ताल-बेस-साथ वाजवतो ना, तो साचा. मेन ए ते डी असे चार ठेके, त्यांचे फिल (मधले भरीचे तुकडे), इंट्रो, एंडिंग असे सेक्शन, आणि प्रत्येकात आठ चॅनेल: दोन रिदमचे, एक बेसचा, दोन कॉर्डचे, एक पॅड (मागे धरलेले लांब सूर), दोन फ्रेज (छोट्या सुरावटी).

त्या दिवशी संध्याकाळी सहाला फोन आला. साडेआठचा कार्यक्रम, कीबोर्डवाला पोरगा स्टेजवर साउंड चेक करत होता. लावणीची स्टाइल मी त्याला आदल्याच रात्री दिली होती.

"दादा, ढोलकी येडी झालीया."

"म्हणजे?"

"सी कॉर्डवर झकास वाजतीय. एफवर गेलो की बोल इकडचं तिकडं, आन् मधीच घुंगरू पडत्यात."

मला वाटलं, आवाजांचं पॅक नीट इन्स्टॉल झालं नसेल. ढोलकीचे सॅम्पल मीच तयार केलेले, ते यामाहाच्या एक्स्पान्शन मॅनेजरमधून पॅक करून दिले होते. पण पॅक नसतं तर सीवरसुद्धा ढोलकी वाजली नसती. पेनड्राइव्ह? तोही नाही. मागे हलगी, ताशा, माइकचं 'हॅलो हॅलो', त्यात काही धड ऐकू येईना. शेवटी त्याला म्हटलं, "बाकी सगळं म्यूट कर. फक्त ढोलकी ठेव आणि सी मायनर धर."

थोडा वेळ शांतता. मग, "एकच बोल चुकतोय. घुमच्या जागी टिचकी पडतीय."

एकच बोल! तिथंच मला घाम फुटला, कारण चूक माझीच होती.

झालं असं होतं. एका रिदम चॅनेलवर ड्रम किट, दुसऱ्यावर हलगी आणि टाळ (लावणीतसुद्धा लोकांना डीजेची किक लागते, त्याला मी काय करणार). ढोलकीला जागा उरली नाही, म्हणून तिला साध्या आवाजासारखी फ्रेज १ मध्ये बसवली. पाच बोल सी ते जी या पांढऱ्या पट्ट्यांवर, काळ्यांवर टिचक्या, आणि त्यांच्या पुढच्या ए, बी आणि वरच्या सीला घुंगरू. आता रिदमचे चॅनेल कॉर्डप्रमाणे हलत नाहीत, पण फ्रेजचे हलतात. तो चॅनेल सुरावटीसाठीच असतो. कीबोर्डच्या दृष्टीनं माझी ढोलकी म्हणजे एक बासरीच! एफ कॉर्ड धरली की त्यानं प्रत्येक सूर इमानदारीनं पाच पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) वर सरकवला. ईवरचा घुम ए वर गेला, तिथं घुंगरू. सी मायनरमध्ये फक्त ई चा ई फ्लॅट (खालची काळी पट्टी) झाला, तिथं टिचकी. बिचाऱ्या यंत्राचं काही चुकलं नव्हतं. मी रात्री दोनपर्यंत ठेका घोटत बसलो आणि तपासला फक्त सीवर.

उपाय दोन ओळींचा. स्टाइल क्रिएटरमध्ये पॅरामीटरवर जायचं, फ्रेज १ निवडायचा, एनटीआर आणि एनटीटी (कॉर्ड बदलली की सूर कसे हलवायचे ते ठरवणाऱ्या दोन सेटिंग) अनुक्रमे 'रूट फिक्स्ड' आणि 'बायपास' करायच्या. मग कॉर्ड कुठलीही धरा, बोल जागचे हलत नाहीत. पण हे प्रत्येक सेक्शनला वेगळं करावं लागतं, आणि तेही फोनवरून सांगत.

"मेन ए झालं?"

"झालं."

"बी?"

"झालं... थांबा, माइकवाला बोलावतोय."

सगळं करून झाल्यावर या बहाद्दरानं सेव्ह न करताच दुसरी स्टाइल निवडली. केलेलं सगळं गेलं. माझ्या तोंडून काय निघालं ते इथं लिहीत नाही. साडेसात वाजले होते. म्हटलं, आता फक्त मेन ए, बी आणि त्यांचे फिल एवढंच कर, सी-डीला हात लावू नकोस, आणि आधी सेव्ह कर, मग श्वास घे.

नंतर मी घरी बसून सगळे सेक्शन दुरुस्त केले. बाराही सुरांवर, मेजर-मायनर दोन्ही धरून वाजवून बघितले. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली तेव्हा बी फ्लॅट मायनर चालू होता.

रात्री साडेअकराला त्याचा फोन. मागे शिट्ट्यांचा गोंधळ.

"दादा, चुकून मेन सी दाबला गेला."

"अरे देवा. मग?"

"मग काय, एफवर घुंगरू वाजलं तसा सगळा मांडव उठला. वन्समोर झाला. आता ते घुंगरू तेवढं एफवर तसंच ठेवून द्या की, ढोलकी नीट करून!"