तुम्ही विचारलंत म्हणून: एमएसचं औषध चालू असताना लस

'वहिनी, तुमची प्रतिकारशक्ती औषधानंच दाबून ठेवलीय, मग लस टोचून घेऊन उपयोग काय?' राजारामपुरीत आमच्या गल्लीत हे मला कायम विचारतात. नुकतंच एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार) निदान झालेल्या मुलींच्या आयांचेही याचसाठी फोन येतात.

उपयोग आहे. किती, ते औषधावर ठरतं. इंटरफेरॉन किंवा ग्लॅटिरामर घेणाऱ्यांना लस साधारण इतरांसारखीच लागू पडते. फिंगोलिमोडच्या गोळीनं लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या बी आणि टी या पांढऱ्या पेशी, लसिका गाठींमध्येच अडकून राहतात, त्यामुळे अँटिबॉडी (जंतूंना पकडणारी रक्तातली प्रथिनं) कमी आणि टी पेशींचा प्रतिसादही कमी. मला दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅबचं सलाईन लावतात. ते आणि ऑक्रेलिझुमॅब, दोन्ही औषधं सीडी२० ही खूण अंगावर असलेल्या बी पेशी काढून टाकतात, आणि नव्या लशीवर अँटिबॉडी तयार व्हायला नेमक्या त्याच लागतात. म्हणूनच कोविडच्या लशीनंतर आमच्यातल्या अनेकांच्या रक्तात अँटिबॉडी जेमतेम सापडल्या. तो रिपोर्ट बघून खचलेली माणसं मी पाहिलीत. पण त्या तपासणीत टी पेशी दिसतच नाहीत! बी पेशी नसतानाही बहुतेकांच्या टी पेशी लशीनंतर तयार झाल्या होत्या, असं २०२१ पासूनच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलं. संसर्ग त्यांना रोखता येईलच असं नाही, पण आजार विकोपाला जाऊ नये म्हणून त्या झटतात. शिवाय लहानपणीच्या लशींच्या अँटिबॉडी ज्या जुन्या प्लाझ्मा पेशी बनवतात, त्यांच्यावर सीडी२० नसतं. ते संरक्षण बरंचसं टिकून राहतं.

माझा खरा आग्रह वेळेचा आहे. निदान झालं की पहिल्या सलाईनआधीच डॉक्टरांशी लशींचा विषय काढा. ऑक्रेलिझुमॅबच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात जिवंत लस (कमजोर केलेल्या जिवंत विषाणूची) निदान चार आठवडे आधी आणि बाकीच्या शक्यतो दोन आठवडे आधी घ्या असं स्पष्ट लिहिलंय. पण आजार जोरात असेल, तर लशीपायी औषध लांबवू नका. उपचार सुरू झाल्यावर गोवर किंवा कांजिण्यांची जिवंत लस घ्यायची नाही. फ्लूची निष्क्रिय लस चालते, आणि ती घरातल्या सगळ्यांनीच घ्यावी.

कुत्रं चावलं तर मात्र वेळ बघत बसायचं नाही. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, लगेच दवाखाना गाठायचा आणि 'माझं रिटुक्सिमॅब चालू आहे' हे आधी सांगायचं. आपल्यासारख्यांना साध्या ओरखड्यावरही रेबीजच्या लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) द्यावं लागतं.