दोन इंच माउंट

म्हापसा, शुक्रवार, रात्री साडेदहा

बाजाराच्या दिवशी माझ्या फ्रेमिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. त्या गर्दीत एक आजी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद घेऊन आल्या आणि माणसं पांगेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. मग गुंडाळी माझ्या हातात देत म्हणाल्या, "हें भितर दवर रे पुता."

आत नेऊन उघडलं. कोळशाने काढलेलं चित्र. चटईवर कुशीवर निजलेली बाई, पाठमोरी, अंगावर काही नाही. टाचांना भेगा. आणि कमरेवर परकराच्या नाडीचा वळ. त्या वळापाशी मी थांबलो. तीन-चार फिक्या रेघा, वरून बोट फिरवून किंचित पुसलेल्या, बस. पण दुपारच्या उकाड्यात नाडी आत्ताच सोडलीय, हे त्यावरून कळतं. काढणारे आजींचे यजमान, वर्षभरापूर्वी गेले. चित्रातल्या बाई त्या स्वतः.

त्या चित्रात देहाची ओढ आहे. ती नाही असं मी म्हणणार नाही. नग्न चित्राची बाजू घेताना आपण घाईघाईने सांगतो, यात कामुक काही नाही, ही शुद्ध कला आहे. मला हे बोलणं खोटं वाटतं. इथून जवळच साळगावात १९२४ साली जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझांची चित्रं बघा. वासना कुठेच झाकलेली नाही, रेघ नखांनी ओरबाडल्यासारखी. तरी माझी नजर एका जागी चिकटून राहत नाही. कपाळात चढलेले डोळे, ताठ मान, हाताची बोटं असं सगळीकडे हिंडून परत येते. घाणेरड्या चित्रात ती हिंडू शकत नाही, कारण तिथे हिंडायला काही काढलेलंच नसतं. टाच कशीतरी उरकलेली असते.

अकबर पदमसींवर १९५४ साली 'लव्हर्स' या चित्रासाठी खटला झाला. चित्रातल्या पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता, एवढाच गुन्हा. ते निर्दोष सुटले. आणि अलीकडे मुंबईत कस्टम्सने सूझा आणि पदमसी यांचीच सात कामं अश्लील म्हणून अडकवली. पार नष्ट करण्यापर्यंत गोष्ट गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं, हे सत्तर वर्षांनी पुन्हा कोर्टाला सांगावं लागलं. बातमी वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लाजही वाटली.

लाज माझ्या हातांची. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाच्या फ्रेमा माझ्याकडे आल्या होत्या. त्यात उभ्या नग्न स्त्रीचं एक रेखाटन होतं. त्याला माउंट, म्हणजे काचेखाली चित्राच्या कडा झाकणारी पुठ्ठ्याची चौकट, लावायचं होतं. आयोजकांचा फोन आला, "खालून माउंट दोन इंच वाढवा, काय ते समजून घ्या." मी समजून घेतलं. पट्टी धरली, कटर फिरवला. चित्रकार तरुण मुलगी होती, तिला विचारलंही नाही. उद्घाटनाला गेलो तर माणसं त्या एका फ्रेमपाशी वाकून बघत होती, माउंटच्या खाली काय आहे म्हणून. कागदावर जे नव्हतं ते माझ्या दोन इंचांनी तिथे आणलं. ती मुलगी भिंतीशी उभी होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आज दुकान बंद केल्यावर आजींचा कागद टेबलावर पसरला. नेहमीसारखं माउंट लावायचं तर चारही बाजूंनी थोडा कागद झाकला जातो, त्याशिवाय तो धरून राहत नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात कोळशाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. सही नाही, फक्त तो ठसा. झाकला गेला तर काढणाऱ्याची तेवढीच खूण जाईल.

म्हणून कडा मोकळ्या ठेवायच्या. कागद मागून जपानी कागदाचे छोटे तुकडे बिजागरीसारखे चिकटवून त्यांवर तोलायचा आणि काच दूर राहावी म्हणून कडेने पट्ट्या द्यायच्या. खर्च थोडा वाढेल, तो मी घेणार नाही. सकाळी आजींना फोन करून आधी ठशाचं सांगायचं आहे. त्यांनी तो पाहिलाय की नाही कोण जाणे.