११२ गुणिले २४

दार उघडताच काकांनी बिल माझ्यापुढे धरलं. "तुमच्या सांगण्यावरून नातवाचा कॉम्प्युटर दिवसाला एक तासावर आणला. महिनाभर तो माझ्याशी धड बोललेला नाही. आणि कमी झाली किती? आठ युनिटं!"

मी घरगुती उपकरणांची दुरुस्ती करतो. टेस्टर-पक्कडीबरोबर माझ्या पिशवीत एक छोटा मीटर कायम असतो. तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि उपकरणाचा प्लग त्याच्यात लावायचा. यंत्र या क्षणाला किती वॅट ओढतंय ते पडद्यावर दिसतं. मीटर तसाच राहू दिला तर तेवढ्या वेळात एकूण किती युनिटं झाली, तेही तो सांगतो. बिल येतं ते युनिटांचं, वॅटचं नव्हे; हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. हे मी इतक्या घरांत इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. काकांच्या घरी मात्र मीच ते विसरलो होतो.

महिन्यापूर्वी त्यांनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा टेबलावर फाइल तयार होती. काकांची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली, त्यामुळे प्रत्येक बिल तारखेनिशी लावलेलं. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा सत्तरएक युनिटं जास्त. घरात नवं यंत्र नाही, माणसं तेवढीच.

"आणि मी रोज रात्री सगळे मोबाइलचे चार्जर काढून ठेवतो," ते म्हणाले. "एकही दिवस चुकलेलो नाही."

मी एक रिकामा चार्जर मीटरला लावून दाखवला. पडद्यावर शून्य. अगदी शून्य नसतं म्हणा. एक-दोन वॅटच्या खालचं असल्या स्वस्त मीटरला नीट कळत नाही. पण हल्लीचा चांगला चार्जर नुसता लटकत असताना ०.१ वॅटच्या आसपासच घेतो. एक वॅटचं यंत्र वर्षभर अखंड चालू राहिलं तर पावणेनऊ युनिटं होतात. म्हणजे काकांच्या चार्जरचं वर्षाला एक युनिटही होत नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. तसे ते पूर्वीच्या हिशेबाने बरोबरच होते. जुने जड अ‍ॅडॉप्टर आत ट्रान्सफॉर्मर असलेले असायचे, नुसते लावून ठेवले तरी हाताला कोमट लागायचे, आणि तो कोमटपणा म्हणजेच वाया जाणारी वीज. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये 'स्टँडबायमध्ये एक वॅटच्या आत' असा आग्रह धरला, पुढे युरोपात २०१३ पासून बहुतेक साध्या उपकरणांना अर्ध्या वॅटची मर्यादा आली, तशी यंत्रं सुधारत गेली. काकांची सवय मात्र जुन्या अ‍ॅडॉप्टरच्या काळातली.

मग मी घरभर फिरलो. गीझर, पंखे, एसी यांना हा मीटर लावता येत नाही, त्यांची जोडणी थेट किंवा वेगळ्या मोठ्या सॉकेटवर. (१० अँपियरच्या मीटरवर त्याहून मोठं यंत्र लावून बघायचा मोह धरू नये. माझा पहिला मीटर तसाच गेला, वासासकट.) सेट-टॉप बॉक्स चालू असताना १४ वॅट, रिमोटने 'बंद' केल्यावर १२. मायक्रोवेव्हचं घड्याळ ३ वॅट. फ्रीज ११२ वॅट, म्हणजे कॉम्प्रेसर चालू आहे, ठीक. नातवाचा कॉम्प्युटर, मॉनिटर धरून, १४० वॅट.

"हा बघा सगळ्यांत मोठा," मी म्हणालो. एवढंच. किती तास चालतो, हे विचारलंच नाही. नातू दारात उभा होता, "मी तीनच तास बसतो," असं काहीसं पुटपुटला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही, मीही नाही. काकू म्हणाल्या, "फ्रीजमध्ये हल्ली बर्फ नीट जमत नाही हो." मी फ्रीजचं बटण एक आकडा पुढे सरकवलं आणि पिशवी उचलली.

आता महिन्यानंतर ते आठच युनिटं कमी झालेलं बिल हातात घेऊन उभा असताना हिशेब आपोआप झाला. १४० वॅट, रोजचे दोन तास कमी, महिनाभर. आठ युनिटं. आकडा चोख होता, आरोपी चुकला होता.

या खेपेला मी मीटर फ्रीजला लावला, आधीचा आकडा पुसला आणि सांगितलं, "उद्या याच वेळेपर्यंत हात लावू नका." फ्रीज हा क्षणभर बघून कळणारा प्राणी नाही. कॉम्प्रेसर थांबलेला असताना पाहाल तर दोन-तीन वॅट दिसतील आणि वाटेल, किती गुणी आहे! चालू असताना पाहाल तर शंभर-सव्वाशे, तेही रास्तच. दिवसातले किती तास चालतो, सगळी गोम तिथे असते. नातवाला म्हटलं, "जाता-येता आकडा लिहून ठेवशील?" त्याने नुसती मान हलवली.

रात्री नऊला काकांचा फोन. घाबरलेले. मीटरवर १६८ दिसतंय! त्यांनी मीटरचं बटण दाबून व्होल्ट-अँपियरचा, म्हणजे व्होल्ट आणि अँपियर यांच्या नुसत्या गुणाकाराचा आकडा काढला होता. मोटर असलेल्या यंत्रात तो वॅटपेक्षा जास्तच दिसतो आणि घरगुती बिलाची युनिटं वॅटवरूनच धरली जातात, हे फोनवर समजावताना माझी दमछाक झाली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर नातू वही उघडून बसलेला. तासातासाच्या नोंदी, रात्रीची झोप तेवढी वगळून. चोवीस तासांचे ३.४ युनिट.

हा आकडा जास्त आहे, हे मला लगेच कळलं. त्या मापाचा फ्रीज एका युनिटच्या आसपास बसायला हवा. माझ्या डोक्यात नेहमीचे संशयित आले: दाराचं रबर सैल, मागच्या जाळीवर धूळ, गॅस कमी. कॉम्प्रेसर थांबतच नसणार, असं मी म्हणूनही टाकलं.

"नाही थांबला तरी एवढं होत नाही," पोरगा म्हणाला.

"म्हणजे?"

"११२ गुणिले २४ केलं. २.७ येतात. वरचे ०.७ कुठून आले?"

इतकी वर्षं मी हे मीटर लोकांच्या घरी लावतोय, पण हा गुणाकार उलट्या बाजूने करून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. यंत्र न थांबता चाललं तरी जेवढं खाऊ शकत नाही, त्याहून जास्त त्याने खाल्लं असेल, तर आत आणखी कुणीतरी जेवतंय.

काकूंनी पाट दिला. मी फ्रीजसमोर बसलो आणि पडद्याकडे बघत राहिलो. कमाल वॅटचं बटण असतं, पण कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटकाही त्यात धरला जातो, त्यामुळे त्यावर माझा विश्वास नाही. ११२. ११३. ११२. काका माझ्या मागे उभे, नातू बाजूला. वीस मिनिटं गेली. मग फ्रीजच्या आत अगदी बारीक 'टक्' झालं आणि आकडा ३०१ वर गेला. कॉम्प्रेसर घुमतच होता.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गारवा देणाऱ्या कॉइलवर हिम साचतं. ते वितळवायला तिथे एक हीटर असतो. त्याची वेळ आली की फ्रीजचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कॉम्प्रेसर थांबवतो, हीटर थोडा वेळ चालवतो, मग हीटर बंद आणि कॉम्प्रेसर पुन्हा चालू. दोघांनी एकत्र चालायचं नसतं. इथे हीटरचा रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चिकटला होता; बोर्डाने कितीही 'बंद' म्हटलं तरी वीज पोहोचतच होती. कॉइल गरम झाली की बायमेटल नावाचा छोटा स्विच हीटर तोडायचा. कॉम्प्रेसरने ती मरमरून थंड केली की तोच बायमेटल पुन्हा जोडायचा, आणि हीटर पुन्हा सुरू. एकाच पेटीत एक जण तापवतोय, दुसरा निववतोय. बर्फ जमणार कसा? आणि मी महिन्यापूर्वी बटण पुढे सरकवून त्या बिचाऱ्या कॉम्प्रेसरला आणखी पळवलं होतं.

प्लग काढून मल्टिमीटर लावला. वीज नसतानाही रिलेचे संपर्क जुळलेले. त्या रात्रीपुरती हीटरची जोडणी सोडवून ठेवली, दुसऱ्या दिवशी तसाच रिले आणून डाग देऊन बसवला. नखाएवढी वस्तू. बटण मागे घेतलं. पुढच्या चोवीस तासांत मीटरने ०.९५ दाखवलं. फरक रोजचा जवळजवळ अडीच युनिटांचा, महिन्याचे सत्तर-पंच्याहत्तर. काकांनी ते फाइलमध्ये पेन्सिलीने मांडून पाहिलं.

मी नातवाची माफी मागितली. त्याला अवघडल्यासारखं झालं. "मीटर थोडे दिवस ठेवू?" एवढंच विचारलं त्याने. मी ठेवायला दिला.

तीन आठवड्यांनी परत आणायला गेलो तेव्हा वहीची चार पानं भरली होती. मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन कोमट पाण्यावर आणि साध्या पाण्यावर, दोन्हीतला फरक लाल शाईने. कॉम्प्युटर: १४० वॅट, ३ तास, ०.४२ युनिट. त्याच्या खालची ओळ काकांनीही माझ्याबरोबर तेव्हाच पहिल्यांदा वाचली असावी. आजोबांचा टीव्ही: ८५ वॅट, ७ तास, ०.६.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "सात तास कुणी मोजले?"