गच्चीवरचं गोवा

कोकणात हर्णैला आमच्या गच्चीवर मुंबईचं १०७.१ हे एफएम रेडिओ स्टेशन ऐकू येतं, त्यात मला आता काही विशेष वाटत नाही. खरखर असते, पण येतं. खरी मजा वेगळ्याच गोष्टीत.

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून ५०-६० किलोमीटरपुढे स्टेशन विरत जातं. पण मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवरची गरम, कोरडी हवा समुद्रावरच्या गार, दमट हवेवर पसरते. मग लहरी त्या थरात वाकतात, पन्हळीतून पाणी वाहावं तशा लांब जातात. सांज टळली आणि क्षितिजावर धुरकट पट्टा दिसला की मी रेडिओ घेऊन वर पळतो.

अँटेना घरचीच. प्रत्येकी ७५ सेंटीमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, मधे केबल, सगळं पीव्हीसी पाइपाला बांधलेलं. आई त्यावर टॉवेल वाळत घालते. (सिग्नलला फरक पडत नाही, मला पडतो.)

मागच्या एप्रिलात १०५.४ वर नुसती सुरसुर होती. अचानक कोंकणी! पणजी, इथून सरळ मोजलं तर अडीचशेहून जास्त किलोमीटर. आवाज इतका स्वच्छ की निवेदिकेचा श्वासही ऐकू आला. वहीत वेळ लिहिली: ९.४०. आईला हाक मारली, ती जिना चढेपर्यंत पुन्हा सुरसुर.

"काय ऐकायचंय?" तिने विचारलं, आणि टॉवेल घेऊन गेली.