आईची बोटं आणि मालीचा कापूस

आमच्या यवतमाळकडे सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीआधीची शेतातली पूजा, केल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही. आईच्या ओटीत कापूस साठायचा आणि बोंडांनी तिची बोटं सोलून निघायची. भाव पडला की बाबा व्यापाऱ्यावर चिडायचे. भावाची दोरी सातासमुद्रापार आहे, हे मला फार उशिरा कळलं.

2003 साली मेक्सिकोतल्या कानकुनच्या जागतिक व्यापार परिषदेत आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी हेच मांडलं: अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देते, जगात भाव पडतो, आमचा शेतकरी बुडतो. परिषदच फिसकटली. ब्राझील मोठा देश, तो याच अनुदानावरून अमेरिकेविरुद्ध खटला लढला, जिंकला. 2014 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर देण्यावर तडजोड झाली.

मालीतही कापूस हातानेच वेचतात. तिथल्या बायकांची बोटंही अशीच सोलत असणार.