मिन्नेरियाचे हत्ती आणि डचांची गटारं

श्रीलंकेच्या सहलीचं कुठलंही माहितीपत्रक उघडा, त्यात तीन रकाने ठरलेले असतात. प्राचीन अवशेष, वसाहतकालीन वास्तू आणि निसर्गसौंदर्य. पहिल्यात सिगिरियाचा खडक, दुसऱ्यात गॉलचा किल्ला, तिसऱ्यात हत्ती आणि चहाचे मळे. पत्रक मराठी मंडळींसाठी काढलेलं असेल तर अशोकवनाचा चौथा रकानाही असतो. नुवारा एलियाजवळच्या सीता मंदिरापाशी बस थांबते, ओढ्याकाठच्या कातळातले खळगे मारुतीची पावलं म्हणून दाखवले जातात आणि सकाळपासून बसमध्ये डुलक्या काढणारेही इथे खडबडून जागे होतात. या चौथ्या रकान्याबद्दल माझी काही तक्रार नाही. श्रद्धेचा मामला आहे आणि ओढाही छान आहे. तक्रार आहे ती पहिल्या तिन्हींबद्दल. एकात घातलेली वस्तू तिथे राहतच नाही, हळूच शेजारच्यात जाऊन बसते.

हत्तींचंच बघा. कोरड्या दिवसांत, साधारण जुलै ते ऑक्टोबर, मिन्नेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात हत्तींचे कळपच्या कळप जमतात. समोर उघड्या जीपगाड्यांतून माणसांचेही कळप उभे असतात आणि दोन्हींकडची पोरं सारखीच मध्ये मध्ये करत असतात. हत्ती सोंडेने गवताचा झुबका उपटतो, पायावर आपटून माती झाडतो आणि मगच तोंडात घालतो. इतकं स्वच्छ जेवण बघताना वेळ कसा जातो कळत नाही. निसर्ग निसर्ग म्हणतात तो हाच, अशी आपली खात्री पटते.

पण हे गवत इथे आलं कुठून? या भागात पाऊस मुख्यतः ऑक्टोबरनंतरचा. त्याआधी तलावाचं पाणी ओसरत जातं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि त्याच्या ओढीने हत्ती येतात. आणि मिन्नेरियाचा तलाव काही आपोआप झालेला नाही. महासेन राजाने तो तिसऱ्या शतकात बांधून घेतला. म्हणजे हत्ती ज्या कुरणावर निवांत चरतायत, ते चक्क एका धरणाचं बुडीत क्षेत्र आहे! तिथल्या शेतकऱ्यांना याचा विसर पडलेला नाही. महासेनाला ते मिन्नेरी देवियो म्हणून पुजतात.

एकदा हे कळलं की या देशातल्या पाण्याकडे साध्या नजरेने बघता येत नाही. बसच्या खिडकीतून दर थोड्या वेळाने कमळांनी भरलेलं एक सरोवर दिसतं, काठावर बगळे, मागे निळा डोंगर. लोक भराभर फोटो काढतात. मी मात्र बांध कुठे आहे ते शोधत बसतो आणि तो सापडतोच. मोठी नैसर्गिक सरोवरं तिथे जवळजवळ नाहीतच. आहेत ते 'वेवा', म्हणजे राजांनी आणि गावांनी बांधलेले तलाव. त्यातल्या मोठ्या तलावांच्या बांधात बिसोकोटुवा नावाचा विहिरीसारखा चौकोनी हौद असे. तलावातलं पाणी मोरीतून सुटायचं ते या हौदातून, त्यामुळे त्याचा जोर आवरता यायचा आणि बांध फुटत नसे. इसवी सनाच्या आधीपासून हे तंत्र तिथल्या लोकांना अवगत होतं.

पाचव्या शतकातल्या धातुसेन राजाने कलावेवा बांधला आणि तिथून अनुराधपुरापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या राजधानीपर्यंत, ८७ किलोमीटर लांबीचा कालवा काढला. सुरुवातीच्या टप्प्यात या कालव्याला उतार आहे मैलाला जेमतेम सहा इंच. आजच्या यंत्रांनीही हे काम घाम काढील. त्याच्या मुलाने, कश्यपाने, गादी बळकावली आणि बापाला विचारलं, खजिना कुठे लपवलाय? जुन्या पाली बखरीतली गोष्ट अशी की, धातुसेन त्याच्या माणसांना कलावेव्याच्या काठी घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी संपत्ती ती एवढीच. कश्यपाला हे उत्तर रुचलं नाही. त्याने बापाला भिंतीत चिणून मारलं आणि मग परागंदा झालेला भाऊ चालून येईल या धास्तीने सिगिरियाच्या उभ्या खडकावर राजवाडा बांधला.

आज पर्यटक रांगा लावून, तिकीट काढून मुलाचा खडक चढतात. बापाचा कालवा अजून वाहतो आणि भातखाचरं भिजवतो, पण तिथे कुणी बस थांबवत नाही. थांबवायला सांगून पाहा, चालक तुमच्याकडे कसा बघतो ते कळेल.

अर्थात सिगिरिया आहेच तसं. पायथ्याच्या बागेतली कारंजी पावसाळ्यात अजून उडतात. वर अर्ध्या वाटेवर, कातळाच्या कुशीत, रंगवलेल्या सुंदऱ्या आहेत. जिना चढून धापा टाकत तिथे पोचावं तर फोटो काढायला मनाई, त्यामुळे निदान तेवढा वेळ तरी लोक डोळ्यांनी बघतात. पण मला त्या सुंदऱ्यांहून त्यांच्याखालची आरसेभिंत जास्त आवडते. एके काळी तिचा गिलावा इतका गुळगुळीत होता की त्यात प्रतिबिंब दिसे. पुढे राजवाडा ओसाड पडला आणि तो बघायला लोक येऊ लागले. हे लोक भिंतीवर कोरून कविता लिहीत. पुरातत्त्वज्ञ सेनारत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ कविता वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातल्या. कुणी चित्रातल्या बायकांवर भाळलेला, तर कुणी बाई त्यांच्यावर जळणारी. एक बुदल नावाचा गृहस्थ लिहून गेलाय की, शेकडो लोकांबरोबर मी सीहगिरी, म्हणजे सिगिरिया, बघायला आलो, बाकीच्या सगळ्यांनी कविता लिहिल्या म्हणून मी लिहिली नाही! प्रत्येक सहलीत एक बुदल असतोच. सगळे फोटो काढतात म्हणून आपण काढत नाही, हे तो सगळ्यांना सांगत फिरतो.

या मंडळींना काय म्हणायचं? तेव्हाचे पर्यटक की आताचे प्राचीन अवशेष? त्यांच्या रेघोट्या आज संरक्षित आहेत. २०१५ मध्ये एका मुलीने त्याच भिंतीवर आपलं नाव कोरलं तर तिला दोन वर्षांची कैद सुनावली गेली, पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली म्हणून सुटली. बाराशे वर्षं उशिरा आली बिचारी.

अनुराधपुरात तर 'अवशेष' म्हणायलाच जीभ कचरते. जेतवन स्तूप हा त्याच महासेनाचा, मूळ उंची सुमारे १२२ मीटर. प्राचीन जगात त्याहून उंच होते ते गिझाचे दोन पिरॅमिड. आत नऊ कोटींच्या वर विटा असाव्यात असा अंदाज आहे. हा स्तूप उघडा, विटांच्या रंगाचा, माथा तुटलेला, अगदी फोटोत हवा तसा. थोड्या अंतरावरचा रुवनवेलिसाय त्याहून चारशेहून जास्त वर्षांनी जुना, पण दुरुस्त करून पांढराशुभ्र रंगवलेला. पहिल्याकडे पर्यटक जास्त, दुसऱ्याकडे गावोगावचे लोक. पांढरे कपडे, हातात कमळं, कडेवर पोरं. चपला बाहेर काढाव्या लागतात. दुपारी बाराला त्या फरशीवरून प्रदक्षिणा घालताना परदेशी पाहुणे अक्षरशः नाचत असतात आणि तिथल्या आज्या मात्र सावकाश चालतात. संघमित्रेने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाडही इथेच आहे, तेवीसेक शतकांचं. त्याला फुटलेली या वर्षीची पालवी कुठल्या रकान्यात घालायची, ते पत्रक छापणाऱ्यांनी ठरवावं.

गावाच्या पश्चिमेला तपस्वी भिक्षूंचे जुने मठ आहेत. फारसं कुणी जात नाही, म्हणून मुद्दाम जावं. स्मशानातल्या चिंध्या अंगावर घेणारे हे पंसुकूलिक भिक्षू. त्यांच्या इमारती सपाट दगडी, ना वेलबुट्टी ना मूर्ती. नक्षीकाम आहे ते फक्त एकाच जागी, मुतारीच्या दगडावर. तिथे खांब, कमानी आणि महाल तपशिलाने कोरलेत. थाटामाटात राहणाऱ्या इतर विहारांबद्दल आपलं मत नोंदवायची ही त्यांची तऱ्हा होती, असं काही अभ्यासक म्हणतात. टीका करावी तर अशी.

मग डोंगर. नुवारा एलियाच्या वाटेवर चहाचं हिरवंगार सुरू झालं की बसमध्ये सगळे 'आहाहा' करतात, मीही करतो. हे हिरवेपण दीडशे वर्षांचं आहे. मूळचं रान तोडून इंग्रजांनी आधी कॉफी लावली. १८६९ मध्ये तिच्यावर तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळे बसले. जेम्स टेलरने १८६७ मध्ये लूलकंदुरा इथे १९ एकरांवर चहा लावून ठेवला होता, तो कामी आला. गावातल्या लाल विटांच्या पोस्टाला वसाहतकालीन वास्तू म्हणायचं तर हा अख्खा डोंगरही वसाहतकालीनच म्हणायला हवा. पानं खुडणाऱ्या बायका तमिळ, त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना दक्षिण भारतातून आणलेलं. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षीच्या, १९४८च्या कायद्याने या लोकांपैकी बहुतेकांचं नागरिकत्व नाकारलं आणि ते पुरतं मिळायला पुढची कित्येक दशकं गेली. पत्रकावर या बायका हसत असतात.

गॉलला पोचलं की हा घोळ पुरता गळ्याशी येतो. किल्ल्याच्या जुन्या दरवाज्यावर बाहेरून इंग्रजांचं राजचिन्ह आणि आतून डच कंपनीची मुद्रा, दोन सिंह, वर कोंबडा, १६६९ साल. आधी पोर्तुगीजांनी तट घातला, मग डचांनी तो जबर केला. आतल्या गल्ल्यांत त्यांनी जमिनीखालून गटारं काढली, भरतीच्या पाण्याने धुऊन निघतील अशी. मला ती बघायची होती. चर्च, दीपगृह, दागिन्यांची दुकानं सोडून हे काय, असा चेहरा गाइडने केला. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं गाव उद्ध्वस्त झालं, तेव्हा तटाच्या आतलं पुष्कळसं बचावलं. ज्यांच्याविरुद्ध बांधला ते शत्रू कधीच इतिहासजमा झाले होते, पण तट कामाला आला.

तटाबाहेरचं क्रिकेटचं मैदान पूर्वी घोड्यांच्या शर्यतीचं होतं. कसोटी सुरू असली की तटावर बसून फुकट बघता येते. अरविंद डिसिल्व्हा हे नाव लहानपणी रेडिओवर ऐकताना कधी विचित्र वाटलं नव्हतं. पहिलं नाव कमळाचं, आडनाव पोर्तुगीज, खेळ इंग्रजांचा. आमच्या टुकटुकवाल्याचं आडनाव फर्नांडो, समोरच्या काचेजवळ छोटा बुद्ध. त्याने घड्याळाच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. २०१० मध्ये मुरलीने शेवटच्या कसोटीत आठशेवा बळी घेतला, तो त्याने म्हणे तिथे उभं राहून पाहिला. शेवटचा चेंडू, शेवटचा गडी. मी विचारलं, "बाद कोण झाला होता?"

"तुमचाच," तो म्हणाला आणि टुकटुक सुरू केली.