काकडा लावल्याशिवाय न पेटणारा पीसी

शनिवार. भाच्याला बारावीसाठी द्यायचा म्हणून माळ्यावरून जुना डेस्कटॉप खाली काढला. २०१२ साली जोडलेला. आय३-२१००, एच६१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या. एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट असं ठसठशीत छापलंय, पण हातात घेतला तर फरसाणाच्या रिकाम्या डब्यासारखा हलका. तेव्हाच शंका यायला हवी होती.

बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घेतो, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, आणि सगळं गप्प. पाच-सहा वेळा दाबलं की सातव्यांदा असा सुरू होतो, जणू मधे काही घडलंच नाही. मग दिवसभर मस्त. रीस्टार्टही बिनतक्रार. रात्री बंद करून सकाळी दाबलं की पुन्हा पहिल्यापासून तेच.

जुलै महिना, गिरगावातली चाळ, खिडकीतून चौपाटीचा खारा वारा. कॅबिनेटच्या स्क्रूंवर तांबेरा चढलेला. साहजिकच ज्याला सांगावं तो म्हणे, दमटपणा. मीही तेच धरून बसलो. रॅमच्या पट्ट्यांची सोनेरी टोकं खोडरबरने घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, एकच पट्टी ठेवून पाहिली, मग दुसरी. सीमॉसचा सेल, म्हणजे बोर्डावरचं घड्याळ चालू ठेवणारी सीआर२०३२ बटणबॅटरी, मोजला तर २.६ व्होल्ट. बदलला. घड्याळ सुधारलं, आजार तिथेच.

रविवार. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडची बहुतेक शटरं खाली, म्हणून घरातच जे होईल ते. बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर मांडला, म्हणजे एखादा स्टँडऑफ (बोर्डाखालचा धातूचा खुंटा) चुकून खालून टेकत असेल तर तेही बाद. समोरचं बटण अडकतंय का, हे बघायला त्याची वायर काढून बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या. फरक शून्य. प्रोसेसरची चार पिनांची १२ व्होल्टची जोडणी काढून परत लावली. तेच.

मग सगळ्यांचा लाडका प्रयोग. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर पेपरक्लिपने काळीला जोडायची, म्हणजे एसएमपीएसला चालू हो असा इशारा मिळतो. एसएमपीएसचा पंखा फिरला, म्हणून मी त्याला निर्दोष ठरवून मोकळा झालो. इथे माझे दोन दिवस वाया गेले, म्हणून जरा थांबून सांगतो. या प्रयोगाने एवढंच कळतं की एसएमपीएस अगदीच मेलेला नाही. तेव्हा त्याच्यावर ना बोर्डाचं ओझं असतं, ना प्रोसेसरचा पहिला घोट. बाकावर बसलेला माणूस ठणठणीत दिसतो. दम लागतो की नाही ते जिना चढल्यावर कळतं.

सोमवार सकाळ. मी सहाव्यांदा बटण दाबताना आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, आपल्या जुन्या स्टोव्हसारखं झालंय तुझं. काकडा लावून बर्नर तापवल्याशिवाय पेटत नसे मेला."

हसलो, आणि हसता हसता थांबलो. आमच्या घरी रात्री भिंतीवरचं बटणसुद्धा बंद करायची शिस्त आहे. म्हणजे रात्रभर एसएमपीएस पूर्ण थंड. सकाळी पाच-सहा वेळा धडपडताना आतलं काहीतरी तापतं आणि मग गाडी निघते. त्या रात्री मुद्दाम भिंतीवरचं बटण चालू ठेवलं.

मंगळवार. दुसऱ्याच दाबाला सुरू! दमटपणावर घेतलेला आळ मागे घ्यावा लागला. दुपारी तासभर वायर काढून ठेवली, मग बहिणीचा हेअर ड्रायर एसएमपीएसच्या जाळीवर तीन-चार मिनिटं धरला. वायर लावली, बटण दाबलं, पहिल्या फटक्यात सुरू. ज्यांनी जुने कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे नळकांडे, हाताळलेत त्यांना पुढचं सांगायला नको. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधलं द्रव वर्षानुवर्षं सुकत जातं, त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. ऊब मिळाली की तो तात्पुरता उतरतो.

आता मीटर. जांभळी वायर म्हणजे ५ व्होल्ट स्टँडबाय, बाकी सगळं झोपलेलं असतानाही जागी असणारी. कनेक्टर बोर्डाला लावलेलाच ठेवून मागून प्रोब खुपसला. नुसतं बसल्यावर ५.०३ व्होल्ट. अगदी शहाण्यासारखं. मीटर किमान आकडा धरून ठेवेल असं लावून बटण दाबलं: ४.२१. मर्यादा पाच टक्के, म्हणजे ४.७५ च्या खाली जायचंच नाही. माझं मीटर संथ आहे, खरा खड्डा याहून खोल असणार. हिरवी वायर खाली, म्हणजे काळीच्या पातळीला, ओढून धरणारं बोर्डावरचं सर्किट याच पाच व्होल्टवर जगतं. ते कोसळलं की हिरवी सुटते, एसएमपीएस बंद होतो, आणि आपल्याला दिसते ती अर्धी गिरकी.

बुधवारी फक्त वाट पाहिली. एसएमपीएस उघडायचा तर २३० व्होल्टचं डीसी झाल्यावर मोठ्या कपॅसिटरांवर मिळून साधारण ३२५ व्होल्ट बसलेले असतात, आणि वायर काढल्यावरही ते लगेच उतरतातच असं नाही. हाताला सवय नसेल तर खरंच उघडू नका, नवा घ्या. मी रात्रभर ठेवला, रोध लावून उतरवला, मोजून शून्याजवळ असल्याची खात्री केली, मगच सोल्डरिंग आयर्न तापवलं.

गंमत म्हणजे आत एकही कपॅसिटर फुगलेला नव्हता. गुन्हेगार निघाला स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरशेजारचा, हीटसिंकला खेटून वर्षानुवर्षं भाजलेला, शेंगदाण्याएवढा २२ मायक्रोफॅरॅड ५० व्होल्टचा. बाहेरून अगदी साजरा. कॉम्पोनंट टेस्टरवर ७ मायक्रोफॅरॅड, ईएसआर तीस ओहमांच्या पलीकडे. गुरुवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन १०५ अंशांपर्यंत टिकणारे, कमी ईएसआरचे आणले. आउटपुटच्या बाजूचे १००० मायक्रोफॅरॅड १० व्होल्टचे दोनही सोबत बदलले. दुकानदाराने एवढ्या किरकोळ खरेदीला पिशवी द्यायचीही तसदी घेतली नाही.

आता बटण दाबताना किमान ४.९४. तीन सकाळी, रात्री भिंतीवरचं बटण बंद ठेवून, पहिल्याच दाबाला सुरू.

तरीही भाच्याच्या पीसीत हा एसएमपीएस जाणार नाही. एवढ्या हलक्या डब्यात बाकीचे कपॅसिटरही त्याच वयाचे आहेत. त्याच्यासाठी नवा, नावाजलेला घेतला. हा माझ्या टेबलावर प्रयोगांपुरता. भाचा म्हणाला, "मामा, मग दुरुस्त कशाला केलास?" या प्रश्नाला आपल्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर कळवा.

एक जाता जाता सापडलेलं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मोजलं तर कॅबिनेट आणि नळाच्या लोखंडी पाइपामध्ये ११० व्होल्ट. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून अर्थिंगकडे जोडलेले असतात. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट त्या दोघांच्या मधोमध लटकतं. आमच्या खोलीच्या सॉकेटला तिसरं भोक आहे, त्याच्यामागे वायर नाही. इलेक्ट्रिशियनला निरोप धाडलाय. गणपतीच्या मंडपाचं लायटिंग आटोपल्यावर येतो म्हणाला, तोवर पीसी भाच्याकडे पाठवत नाही आणि घरातल्यांना त्याला हात लावू देत नाही.